गामान

मार्च संपत आला तरी पहाटे साडेतीनला
ओखोत्स्कच्या काठावर समुद्र दिसत नाही,
नुसता ऐकू येतो:
बर्फाचे तवे एकमेकांना घासतात,
दाणे संपलेलं जातं वाजावं तसे.

शेडमध्ये अठरा बायका, रबरी एप्रन.
डाव्या हातात शिंपला, उजवीत चपटी सुरी,
एक फिरकी,
आतला पांढरा गोळा बादलीत.
पैसे किलोवर.

यूरोंग गान्सूची. तिकडे बटाटे होतात,
पाऊस चार बोटं.
आई म्हणायची, माणसाला कडू खाता आलं पाहिजे.
कारल्यासारखं नव्हे;
कारल्याला निदान मीठ चोळता येतं.
एजंट म्हणाला होता, भाषेची काळजी नको,
अक्षरं आपलीच आहेत, त्यांनी उसनी नेलेली.

अक्षरं आपलीच होती.
वाण्याच्या दारावर लाल रंगात लिहिलेलं
तिला चक्क वाचता आलं: 'मोठा नाइलाज'.
आत गेल्यावर कळलं,
इथल्या शाळेत त्या शब्दाला अभ्यास म्हणतात
आणि दुकानात सूट.
ती एकटीच हसली.
मुळा वीस येनांनी स्वस्त मिळाला.

शेजारच्या फळीला हात्सुए-सान,
वय एकाहत्तर, बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी.
दगडावरसुद्धा तीन वर्षं बसलं की ऊब येते,
अशी त्यांच्यात म्हण आहे.
हात्सुए-सान म्हणते, मी चौतीस बसले.
दगड तापला की मीच गार झाले,
आता सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात यूरोंगची बोटं सुजली.
मुकादम येऊन ओरडून गेला.
तो वळताच हात्सुए-सानने
स्टीलच्या ओल्या टेबलावर बोटाने दोन अक्षरं काढली.
पहिलं: मी.
दुसरं: हळू.

मी हळू.

म्हणजे म्हातारीसुद्धा.
शाळेत शंभर वेळा लिहून आणायला सांगतात तसं.
यूरोंगने मान खाली घातली
आणि हात पळवला.

सहाच्या सुमाराला सुरी तळहातात शिरली.
बादलीतलं पाणी लाल, मग गुलाबी.
मुकादमाने बादली उलटी केली, किलो कापले.

डब्यांच्या खोलीत पट्टी बांधताना
कुणाचा तरी फोन मध्ये पडला.
आधी यूरोंगला तिच्या भाषेत म्हणाला:
गामान. सोस. धीर धर, पोरी.
मग हात्सुए-सानला तिच्या भाषेत:
हिने वाचलं, मी हळू.

म्हातारी गप्प.
मग नाकातून हसली, मग ठसका लागला,
मग पट्टीचं टोक दातांनी फाडताना
एवढंच बोलली: तेही खरंच की.

ते दुसरं अक्षर, म्हणतात,
पोथ्यांचा अर्थ लावताना कुणीतरी
संस्कृत 'मान'साठी निवडलं होतं.
मी-पणा, ताठा.
भिक्षूंनी ज्याला दोष म्हटलं
त्याचं कुठल्याशा बेटावर सोसणं झालं.
मला त्याचं फारसं नवल नाही.
माझ्या भाषेत मान म्हणजे इभ्रत,
आणि मान म्हणजे तीही,
जी दहा तास शिंपल्यांवर वाकवली की
रात्री उशीवर कशी ठेवावी कळत नाही.
हे त्या दोघींना कुणी सांगितलेलं नाही.
त्यांचं काही अडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत
हात्सुए-सानच्या नावापुढे नऊ किलो कमी.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा.
मुकादमाने कारण विचारलं.
तिने टेबलावर पाणी होतंच, त्यात
तीच दोन अक्षरं काढली.

मुकादमाने वाचलं: सोसते आहे.
अदबीने मान लववून पुढच्या फळीकडे गेला.

पलीकडून, पट्टीच्या हाताने टोपल्या धुताना,
यूरोंगने बरोबर वाचलं.